गिरणीचे दात

गिरणीचे वरचे पुढचे चार दात हलायला लागले आहेत, ही गोष्ट बायकोला ठाऊक होती, बँडमधल्या लोकांना ठाऊक होती, आणि कोपऱ्यावरच्या पाववाल्यालाही ठाऊक होती, कारण कडक पावाऐवजी ते मऊ पाव मागायला लागले होते. ठाऊक नव्हती ती फक्त त्यांच्या लेकीला, आणि तिचा दातांचा दवाखाना घरापासून हाकेच्या अंतरावर होता. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात ते काही उगाच नाही.

गिरणी हे अर्थातच जन्माचं नाव नव्हे. लेकीचे बाबा सॅक्सोफोन वाजवायचे, आणि एकदा सुरू झाले की थांबायचं नाव घ्यायचे नाहीत, म्हणून बरोबरच्या लोकांनी ठेवलेलं हे नाव. पुढे ते इतकं चिकटलं की दारावरच्या पाटीखाली कोणीतरी खडूने तेच लिहून गेलं, आणि आईने ते पुसलं नाही. सकाळी कुठल्या साबणाच्या जाहिरातीचं संगीत, दुपारी कोणा गायकाच्या मागे चार ओळी, संध्याकाळी स्वतःच्या चौघांचा जॅझ, असं सगळं आयुष्य गेलं. जॅझ म्हणजे एखादी चाल आधी सरळ वाजवायची आणि मग तिथल्या तिथे तिला उसवून पुन्हा शिवायचं. बाबांनी इतकी उसवाशिव केली की त्यांच्या नावाच्या तबकड्यांसाठी दुकानदाराने वेगळी फळी ठोकली, आणि काही वर्षांनी ती फळी मधोमध वाकली. एकदा जेवताना रेडिओवर सॅक्सोफोन लागला. बाबा घास हातात धरून ऐकत राहिले आणि म्हणाले, "बरा वाजवतो हा. कोण आहे?"

"तुम्हीच," आई म्हणाली. "भात वाढू?"

एवढं वाजवणाऱ्या माणसाला लोक हमखास विचारतात, की बाबा रे, हे तू कोणाकडून घेतलंस? बाबांना त्याची मुळीच लाज नव्हती. वरच्या पट्टीतली हाक सर्कशीतल्या बँडमास्तरांची, जलद ताना एका परदेशी वादकाच्या, ज्याच्या तबकड्या झिजून पांढऱ्या होईपर्यंत त्यांनी ऐकल्या, आणि संथ चालीत मधेच गप्प बसायचं ते हॉटेलात गाणाऱ्या एका बाईंचं, ज्यांच्या मागे त्यांनी तरुणपणी वाजवलं. "माझं स्वतःचं म्हणाल तर फुप्फुसं तेवढी," असं ते सांगायचे. ऐकणाऱ्यांना तो विनय वाटायचा. लेकीला मात्र लहानपणापासून वाटे, की हे ते खरंच मानतात.

अखेर आईनेच त्यांना दवाखान्यात आणलं, तेही दंडाला धरून. बाहेर दोन पेशंट बसले होते. बाबांनी त्यांच्याकडे मदतीच्या आशेने पाहिलं, पण दातांच्या दवाखान्यात कोण कोणाचा असतो?

"आ करा," लेक म्हणाली.

"तुझ्यासमोर?"

"मग कोणासमोर? पाववाल्यासमोर?"

त्यांनी आ केला. लेकीने आरसा आत घातला. हिरड्या सुटल्या होत्या. वरचे पुढचे चारही दात बोटाने हलत होते. सॅक्सोफोन वाजवणारा वरचे दात माउथपीसवर टेकवतो, म्हणजे तोंडात धरायच्या त्या काळ्या कडक रबराच्या तुकड्यावर, आणि खालचा ओठ आत दुमडून वेताच्या पट्टीवर ठेवतो. इतक्या वर्षांचा तो दाब, वर पायरिया. राहण्यासारखं काही नव्हतं.

आणि त्या चारांत तो एक दात होता. डावीकडचा मोठा दात, पुढे आलेला, अंगाने वळलेला, शेजाऱ्याच्या मांडीवर चढून बसल्यासारखा. लेकीला तो चांगला ओळखीचा होता, कारण अगदी तसाच दात तिच्या वाट्यालाही आला होता. शाळेत त्यावरून तिला काय काय ऐकावं लागलं ते तिने घरी कधी सांगितलं नाही. तारा लावून तो सरळ झाला त्या दिवशी ती आरशासमोरून हटेना. त्यानंतर बाबांचा दात तिच्या डोळ्यात जास्तच सलायला लागला. एवढा मोठा वादक, आणि एकाही फोटोत हसत नाही. ओठ गच्च मिटलेले, किंवा मग तोंडात वाद्य. दातांची डॉक्टर होण्यामागे तो दात अगदीच नव्हता असं नाही.

"काढावे लागतील," ती म्हणाली.

"आणि वाजवायचं कशाने?"

"कवळी बसवीन ना. कवळी लावून लोक वाजवतात, बाबा. मी चौकशी केलीय."

बाबांनी आईकडे पाहिलं. "पावसाळा संपायच्या आत चौघांचं रेकॉर्डिंग ठरलंय," ते म्हणाले. "सगळ्या संथ चाली. खोली ठरली, माणसं ठरली. आवाज आला नाही तर सॅक्सोफोन पेटीत घालून माळ्यावर टाकीन. मग मला घरात दिवसभर सहन करायचं तुम्ही ठरवा."

ही धमकी साधी नव्हती. वाजवल्याशिवाय बाबा काय करतात हे घरात कोणीच पाहिलेलं नव्हतं, खुद्द बाबांनीही नाही.

अशा वेळी आधी तोंडाचं माप घेतात, त्याचा प्लास्टरचा साचा करतात, आणि कवळ्या घडवणारा कारागीर त्या साच्यातले प्लास्टरचे दात कापून तिथे नवे बसवतो, म्हणजे खरे दात निघाले की त्याच बैठकीत कवळी घालता येते. कापण्याआधी साच्याची आणखी एक प्रत करून ठेवायची रीत आहे. लेक ती रीत इतर सगळ्यांच्या बाबतीत पाळायची. पण जे जाणार याचाच तिला आनंद होता, त्याची प्रत कशाला ठेवायची?

कारागिराने फोन करून विचारलं, "डॉक्टर, एक दात वाकडा दिसतोय. होता तसाच लावू की सरळ?"

"सरळ," ती म्हणाली. "अगदी ओळीत. माझ्या बापाला सत्तरीत तरी एकदा हसू दे."

दात निघाले. बाबांनी हूं की चूं केलं नाही, फक्त खुर्चीचा हात धरून बोटं चालवत राहिले, कुठलीशी चाल असावी. कवळी बसली. लेकीने आरसा दिला. बाबांनी आधी संशयाने, मग जरा धीर करून, आणि मग सगळे दात दाखवून स्वतःकडे पाहिलं. आई म्हणाली, "अगंबाई, असे दिसता होय तुम्ही! हे आधी कळलं असतं तर मी लग्नात इतके आढेवेढे घेतले नसते." लेकीला इतका आनंद झाला की हातमोजे काढायचं तिला भान राहिलं नाही. तिला वाटलं, आपण त्यांना जन्मभराचं काहीतरी दिलं.

हिरड्या भरेपर्यंत वाजवायचं नव्हतं. त्या आठवड्यांत बाबांनी नळ दुरुस्त केला, मग तो पुन्हा बिघडवला, आणि आईला भाजी चिरण्याची योग्य पद्धत शिकवायला गेले. आईने लेकीला फोन केला. "तुझ्या त्या हिरड्यांना सांग, जरा हात चालवा म्हणावं."

मग एका दुपारी लेक घरी आली, आणि जिन्यातच तिला सॅक्सोफोन ऐकू आला. चाल बाबांची आवडती होती. सूर बरोबर, लय बरोबर, सगळं स्वच्छ, सगळं जागच्या जागी. ती दोन पायऱ्या चढली आणि तिच्या मनात आलं, बाबांनी शिकवणी सुरू केली वाटतं, मुलगा बरा आहे, परीक्षेत पास होईल. मग दार उघडलं, आणि खोलीत बाबांखेरीज वाजवणारं कोणी नव्हतं.

खुर्चीत खांबकाका बसले होते. खांबकाका म्हणजे बाबांच्या बँडात उभा बास, म्हणजे माणसाएवढं खर्जाचं तंतुवाद्य, वाजवणारे, उंच, हलत नाहीत, बोलत नाहीत, सर्कशीपासूनचे सोबती. बाबांनी त्यांना ऐकायला बोलावलं होतं.

"कसं आहे?" बाबांनी विचारलं.

"छान," खांबकाका म्हणाले.

त्या धंद्यात कोणी कोणाला छान म्हणत नाही. चांगलं वाजलं तर शिवी देतात, वाईट वाजलं तरी शिवीच देतात, फक्त जरा वेगळी. छान म्हणतात ते सांत्वनाला गेल्यावर. बाबांनी वाद्य हळूच मांडीवर आडवं ठेवलं.

"त्यातली खरखर गेली," ते म्हणाले. "काय करावं कळत नाही. दात ओळीत बसलेत, तर सूरही ओळीत बसायला लागलेत. सगळे कसे शाळेच्या प्रार्थनेला उभे."

लेक दारातच उभी होती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात, पण इथे तर अवलक्षण तिने स्वतःच्या हाताने करून ठेवलं होतं. घरी जाऊन ती खूप रडली, आणि नवऱ्याने काय झालं विचारल्यावर म्हणाली, "मी त्यांचा आवाज उपटून कचऱ्यात टाकला." आणि ते खरं होतं. काढलेले दात दवाखान्याच्या कचऱ्याबरोबर केव्हाच गेले होते, आणि साच्यातले कापले गेले होते.

दुसऱ्या दिवसापासून ती त्या दाताच्या मागे लागली. तिने घरातले सगळे फोटो बाहेर काढले, तबकड्यांची वेष्टनं काढली. मिटलेले ओठ. मिटलेले ओठ. तोंडात वाद्य. लग्नाच्या फोटोतही बाबा असे उभे, की जणू कोणी तरी त्यांना अंत्ययात्रेला आणलंय. आई म्हणाली, "मला विचार ना, मी रोज पाहत होते तो दात." आणि आईने हाताने दाखवला तो दात उजवीकडचा होता.

मग लेक आठवणीवर विसंबली. मेणाचा दात घडवला, वळवला, कवळीत बसवला. बाबांनी वाजवून पाहिलं आणि मान हलवली. तिने अजून जरा पुढे घेतला. "हा शेजाऱ्याचा," बाबा म्हणाले. मग मागे घेतला. "हा शेजाऱ्याच्या मेव्हण्याचा." ज्या दाताचा तिने वर्षानुवर्षं राग राग केला, तो नेमका किती वळला होता हे तिला सांगता येईना. राग मनात राहतो, माप राहत नाही.

"जाऊ दे गं," बाबा म्हणाले. "चणे आहेत तर दात नाहीत, असं असतंच. पुष्कळ वाजवून झालं."

हे त्यांनी इतक्या सहज म्हटलं की तिला जास्तच भीती वाटली. रेकॉर्डिंग जवळ येत होतं. खोलीवाल्याने एकदा फोन करून विचारलं, की येताय ना? आईने बाबांना न विचारता हो सांगून टाकलं.

उपाय सापडला तो माउथपीसवर. बाबा वाद्य पुसत बसले होते, लेक शेजारी, आणि तिची नजर त्या काळ्या तुकड्यावर गेली. वरच्या बाजूला, दात टेकतात तिथे, दोन खाचा होत्या. चांगल्या खोल, आतून गुळगुळीत. इतक्या वर्षांत दातांनी खाल्लेलं रबर.

"बाबा," ती म्हणाली, "हा तुकडा पहिल्यापासून हाच आहे का?"

"पहिल्यापासून. वाद्यं बदलली, हा नाही बदलला."

तिने तो तुकडा दवाखान्यात न्यायला मागितला. बाबा तो द्यायला तयार होईनात, म्हणून तेही बरोबर आले आणि दाढदुखीवाल्या एका बाईंच्या शेजारी बसून राहिले. आत लेकीने खाचांमध्ये मापाचा गुलाबी लगदा भरला, तो घट्ट झाल्यावर अलगद काढला, आणि दिव्याखाली भिंगातून पाहिला. दोन दातांच्या कडा उलट्या उमटल्या होत्या, स्पष्ट. मग तिने नीट पाहिलं आणि ती गोंधळली. दोन्ही दात सरळ होते. रुंद, चौकोनी, आणि मधे चांगली फट. चढून बसलेला दात कुठेच नव्हता.

ती बाहेर आली. "बाबा, हे दात तुमचे नाहीत."

दाढदुखीवाल्या बाईंनी गालावरचा हात काढला आणि कान दिला.

"नाहीतच मुळी," बाबा म्हणाले. "ते मास्तरांचे."

मग त्यांनी सांगितलं. सर्कशीच्या बँडात ते लागले तेव्हा मिसरूड फुटत होतं. झोपाळ्यावरची माणसं एका हातातून दुसऱ्या हातात जायची त्या वेळी सगळा बँड थांबायचा आणि मास्तर एकटे वाजवायचे, एक लांब हाक, तंबूच्या शेंड्यापर्यंत. पकडलेला हात सुटला नाही हे लोकांना त्या हाकेवरून कळायचं. मास्तरांनी म्हातारपणी हा तुकडा त्यांना दिला आणि एकच गोष्ट सांगितली, की दात इथेच ठेवायचे, माझ्या खाचेत. बाकी आपोआप येईल.

"पण तुमचा दात तर वाकडा होता. तो त्या खाचेत बसणार कसा?"

"नव्हताच बसत. जबडा जरा डावीकडे ढकलायचो, मान जरा तिरकी. तरी नीट नाही बसायचा. पण मास्तरांनी सांगितलं तिथेच ठेवला. कधी हलवला नाही."

लेकीला वाटलं, आता सापडलं. पेच इतका साधा होता. वाकडा दात परत आणता येत नव्हता, पण खाच तर समोर होती. खाचेत चपखल बसतील असे दात केले, तर बाबांना मास्तरांनी सांगितलं तिथे दात ठेवता येतील, आणि तेही जबडा न ढकलता. तिने हे बाबांना सांगितलं. ते फक्त "बघू" म्हणाले. तिने मान वर न करता काम केलं. कारागिराला या वेळी नुसता फोन केला नाही, त्याच्या बाकावर जाऊन शेजारी बसली. दोन रुंद दात, मधे फट. बाबांच्या तोंडात ते विचित्र दिसत होते. आई म्हणाली, "मला कोणी तरी परका घरात आल्यासारखं वाटतंय," पण हसण्यावारी नेलं.

बाबांनी घरी वाजवून पाहिलंच नाही. "तिथेच बघू काय ते," म्हणाले. लेकीने दाताच्या कण्या केल्या, तरी नाही. त्यांना भीती वाटत होती, हे तिला कळत होतं.

रेकॉर्डिंगच्या खोलीत सकाळचं ऊन यायला जागा नव्हती. भिंतींना जाड कापड, जमिनीवर वायरींचं जाळं, आणि काचेपलीकडे ध्वनिमुद्रक, कानांना हेडफोन लावून. लेक त्याच्या शेजारी स्टुलावर बसली. दवाखाना तिने बंद ठेवला होता. काचेतून तिला बाबा दिसत होते, खांबकाका दिसत होते, पियानोवाला आणि ड्रमवाला दिसत होते. सगळे नेहमीपेक्षा जास्त विनोद करत होते.

चाल सुरू झाली. बाबांनी वाद्य तोंडाला लावलं, आणि पहिलाच सूर असा आला की ध्वनिमुद्रकाने चहाचा कप अर्ध्यावर थांबवला. भरदार, रुंद, वरच्या पट्टीत गेला तरी न चिरकणारा. खोलीला छत नसल्यासारखा. पियानोवाला वाजवता वाजवता हसायला लागला. ध्वनिमुद्रकाने लेकीकडे वळून अंगठा दाखवला. तिने तोंडावर हात घेतला. तिला वाटलं, मी दिलं परत. मी घेतलं होतं ते मीच परत दिलं.

चाल संपली तेव्हा ड्रमवाल्याने बाबांना एक सणसणीत शिवी दिली. चांगली वाजल्यावर देतात ती. सगळे हसले, फक्त खांबकाका हसले नाहीत. ते बास धरून उभे होते आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

"मास्तर," ते म्हणाले. बाकी काही नाही.

बाबांनी मान हलवली. मग ते काचेच्या अलीकडे आले, ध्वनिमुद्रकाला म्हणाले, "लाव बघू," आणि उभ्यानेच सगळं ऐकलं. लेक त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होती. तिला वाटलं होतं ते खूश होतील. ते नाराजही नव्हते. फार वर्षांनी कोणी भेटावं आणि त्याच्याशी बोलायला काहीच नसावं, असे दिसत होते.

"नाही आला आवाज?" तिने विचारलं. तिचाच आवाज धड येत नव्हता.

"आला की. हुबेहूब आला. हे मास्तर आहेत. तंबूत असेच वाजायचे. आयुष्यभर मला हेच हवं होतं गं, रोज उठून याच्याच मागे होतो, आणि रोज जरासा हुकायचो. वाटायचं, उद्या जमेल. म्हणून तर इतकं वाजवलं." ते थांबले. "आज जमलं. आणि आता कळतंय, मी जेवढा हुकत होतो तेवढाच मी होतो."

लेकीला त्याचा अर्थ लगेच कळला. जेवढे हुकत होते, ते त्या वाकड्या दातामुळे. आणि तो तिने ओळीत बसवायला निघून कायमचा घालवला होता.

"मला माफ करा, बाबा," ती म्हणाली.

"वेडी की काय. हलत होता तो. आज ना उद्या पावात अडकून निघाला असता." त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, लहानपणी ठेवायचे तसा नव्हे, कारण लहानपणी ते घरी नसायचे. जरा अवघडून ठेवला. "ही तबकडी काढली तर लोक नावाजतील. पण मास्तरांनी ती काढायला पाहिजे होती. मी कशाला काढू?"

ध्वनिमुद्रकाने विचारलं, "मग आजचं रद्द करायचं का?"

बाबा परत आत गेले. स्टुलावर बसले. मग त्यांनी तोंडात बोट घालून कवळी काढली, रुमालात गुंडाळली, आणि रुमाल पियानोवर ठेवला. त्यांचा वरचा ओठ एकदम आत गेला, आणि ते फार म्हातारे दिसायला लागले. लेकीने त्यांना असं फक्त दवाखान्याच्या खुर्चीत पाहिलं होतं, दिव्याखाली, पेशंट म्हणून. तिला उठून काच ठोठावावीशी वाटली, की नका, असं चार लोकांत नका. त्या हिरड्यांवर दाब पडला तर काय होईल हे तिला पुरतं ठाऊक होतं. पण ती उठली नाही.

त्यांनी वरचा ओठ आत दुमडला, खालचा दुमडला, आणि माउथपीस दोन्ही ओठांच्या मधे धरला. खाचेला काही लागलंच नाही. पहिल्यांदा नुसती हवा आली. दुसऱ्यांदा सूर आला आणि घसरला. ड्रमवाल्याने खाली पाहिलं. मग त्यांनी तीच चाल, पण अगदी हळू, एकट्यानेच सुरू केली.

आवाज लहान होता. त्याला चकाकी नव्हती, कडा नव्हती. वर जायचा आणि तिथे उभा राहू शकायचा नाही, परत यायचा. जिथे चाल पुढे न्यायला हवी तिथे बाबांना श्वास घ्यायला थांबावं लागत होतं, आणि थांबून ते पुन्हा सुरू करायचे तेव्हा मागचं विसरून गेल्यासारखे, कुठून तरी दुसरीकडून. ध्वनिमुद्रकाने न बोलता बटण दाबलं आणि लाल दिवा लावला. थोड्या वेळाने खांबकाकांनी खालचा एक सूर धरला, मग थांबून आणखी एक. बाकीच्यांनी हात मांडीवर ठेवले.

चाल शेवटापर्यंत पोचलीच नाही. ओठ थकले आणि सूर मधेच विझला. खोलीत कोणी शिवी दिली नाही, कोणी छानही म्हटलं नाही. बाबांनी ओठ पुसले आणि काचेतून सरळ लेकीकडे पाहिलं. आजवर त्यांनी तिला आपल्या वाजवण्याबद्दल एक शब्द विचारला नव्हता. आता त्यांनी माइककडे तोंड नेलं. दात नसल्याने शब्द ओले आणि बोबडे येत होते.

"काय गं? कोणासारखं वाटलं?"

ती विचार करायला लागली, कारण खोटं बोललेलं त्यांना कळलं असतं. मास्तर नव्हते. तो परदेशी वादक नव्हता, हॉटेलातल्या बाई नव्हत्या. त्या वाकलेल्या फळीवरच्या एकाही तबकडीवरचे बाबाही नव्हते. तिने ध्वनिमुद्रकाच्या पुढ्यातलं बटण दाबून धरलं.

"कोणासारखंच नाही, बाबा."

बाबांनी माउथपीसवरच्या खाचेवरून अंगठा फिरवला.

"मलाही कोणी आठवत नाहीये," ते म्हणाले. मग खांबकाकांकडे वळून म्हणाले, "जरा खालच्या पट्टीत घे, आणि घाई करू नको, मला दम पुरत नाही," आणि त्यांनी वाद्य पुन्हा तोंडाला लावलं.